रेडिएटरमधलं पाणी हळू वाहिलं तर इंजिन थंड राहतं का?

गेल्या एप्रिलात करमाळ्याकडे भावाच्या शेतावर होतो. त्याचा ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावला की अर्ध्या एकरातच तापायचा. काटा लाल पट्ट्यात जायचा, रेडिएटरच्या झाकणातून वाफ यायची. पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकला होता. "याच्यामुळं पाणी अडतंय." फरक पडला नाही. दुसरा म्हणाला, "आता पाणी फार पळतंय. रेडिएटरात थांबतच नाही, गार कधी होणार?" त्याने थर्मोस्टॅटच्या जागी बारीक भोकाचं वायसर बसवलं आणि दोन्ही होज पाइपांना (वरच्यातून इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरात येतं, खालच्यातून गार झालेलं परत जातं) हात लावून दाखवला. वरच्याला हात लावेना, खालच्यावर मात्र क्षणभर ठेवता येत होता. "बघा, पाणी गार होऊन येतंय." पाणी खरंच गार होऊन येत होतं. आणि ट्रॅक्टर आधीपेक्षाही लवकर उकळत होता.

"पाण्याला गार व्हायला वेळ मिळाला पाहिजे" हे वाक्य मी कितीतरी गॅरेजांत ऐकलंय, इंजिनिअर झालेल्या मित्रांकडूनही ऐकलंय. ते चटकन पटतं, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, तेवढाच किंवा थोडा कमी पाण्यात जातो आणि उरलेली सायलेन्सरवाटे बाहेर पडते. ३५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. पूर्ण भारावर पाण्यात सुमारे २२ किलोवॅट उष्णता शिरते असं धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. पंप मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर पाणी फिरवत असेल तर इंजिनातून जाताना ते २२ भागिले ४.२, म्हणजे जेमतेम ५ अंशांनी तापतं. रेडिएटरमध्ये तेवढंच उतरतं. आता प्रवाह निम्मा करा. उष्णता तेवढीच, पाणी निम्मं, म्हणून फरक साडेदहा अंशांचा.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे त्यातल्या पाण्याच्या सरासरी तापमानावर आणि बाहेरच्या हवेवर ठरतं. समजा २२ किलोवॅट टाकायला ही सरासरी ८० अंश लागते. वेगवान प्रवाहात वरचा पाइप ८२.६ आणि खालचा ७७.४ अंशांवर राहील. संथ प्रवाहात वरचा ८५.२, खालचा ७४.८. खालचा पाइप अधिक गार झाला खरा, पण इंजिनाच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागातून, बाहेर पडणारं पाणी अडीच अंशांनी जास्त गरम झालं. गॅस्केट जळतं ते हेडवर. शिवाय संथ पाण्यात नळीच्या भिंतीलगतचा थर ढवळला जात नाही, तो उष्णतेला अडवतो आणि सरासरीही वर चढवतो. पाणी गोल फिरतंय हे आपण विसरतो: रेडिएटरमध्ये जे जास्त वेळ गार होत थांबतं, ते इंजिनातही तितकाच जास्त वेळ तापत थांबतं.

आम्ही दोन्ही पाइपांना थर्मामीटर बांधून पाहिलं. वायसर असताना वर ९८, खाली ७९. झाकणाची दाब धरून ठेवणारी स्प्रिंग गेलेली होती, त्यामुळे पाणी उघड्या पातेल्यासारखं उकळत होतं, आणि आपल्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर, उकळायला ९८ अंशच पुरतात.

मग थर्मोस्टॅट कशाला हवा? १९१७ सालच्या फोर्डसन ट्रॅक्टरात तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार पाणी खाली उतरायचं, एवढ्यावर इंजिन चालायचं. पण थंड इंजिन हेही दुखणंच आहे. डिझेल जळताना पाण्याची वाफ आणि गंधकाची ऑक्साइडं तयार होतात. लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, भिंत गार असली की त्यांचं आम्ल होऊन ती भिंत खातं. न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. थर्मोस्टॅटच्या पोटात पितळी डबीत मेण असतं. ते वितळताना फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. कडेला बहुधा ८२ असा आकडा ठोकलेला असतो. तपासायचा असेल तर दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवत राहा. ८२ च्या आसपास झडप हळूहळू सरकताना दिसते, मला ते दर वेळी तितकंच आवडतं. काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासचं भोकही बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परत जातं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

खरा दोष रेडिएटरात होता. वरची टाकी उघडली तर कित्येक नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्याचा परिणाम. असा एक मिलिमीटरचा थर बिडाच्या अडीच सेंटिमीटर जाडीइतका अडथळा करतो. बंपरला लिंबू-मिरची टांगून इंजिन थंड राहत नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल मात्र हा क्षार विरघळवतं. इंजिनाच्या पाण्याच्या वाटा आम्ही त्यानेच धुतल्या, नंतर साध्या पाण्याने चार वेळा. तापमान वीस अंशांनी उतरवण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या दुकानात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका.

रेडिएटरचा कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, बदलून नळ्यांच्या जास्त ओळींचा घेतला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं नव्हतं, ते बसवलं. कड्याशिवाय पंखा स्वतःच्याच टोकांभोवतीची हवा फिरवत बसतो, जाळीतून ओढत नाही. झाकण मूळ दाबाचंच, ७ पौंडांचं घेतलं. १३ पौंडांचं लावा असा सल्ला मिळाला होता, पण झाकणाने काही थंड होत नाही, फक्त उकळणं पुढे ढकललं जातं आणि जुन्या होज पाइपांवर ताण येतो. पाण्यात कुलंट मिसळलं ते गंजासाठी; उष्णता वाहण्यात साधं पाणी त्याच्यापेक्षा थोडं सरसच आहे.

मे महिन्यात ४१ अंशांच्या दुपारी रोटाव्हेटर दोन तास चालवला. वरच्या पाइपावर ८७, खालच्यावर ८०. खालच्या पाइपाला आता हात लावला तर पूर्वीपेक्षा गरम लागतो.