चीज वितळतं, डिप का जमत नाही? घोळ कॅल्शियमचा आहे

चीज किसायचं, पातेल्यात थोड्या दुधासोबत मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. पार्टीसाठी गरम चीज डिप करायची कृती सांगायला एवढीच. पातेल्यात घडतं ते वेगळंच. आधी किसाच्या कडा चकाकतात, मग तेलाचे पिवळसर थेंब वर येतात, दूध कडेला पांचट होऊन पडतं आणि मधोमध चिवट गोळा तयार होतो. चमचा उचलला की तो गोळा सगळाच्या सगळा वर येतो. आच वाढवली तर आणखी आवळतो. आता कितीही घोटा, एकजीव होत नाही.

चीज वितळलेलं असतं, त्यात शंका नाही. पण डिपसाठी नुसतं वितळणं पुरत नाही. वितळल्यावर तेल, पाणी आणि प्रथिनं यांनी एकमेकांना सोडायचं नसतं. खरी अडचण तिथे आहे.

चेडरचं उदाहरण घेऊ. त्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश स्निग्धांश, पाव हिस्सा प्रथिनं आणि उरलेलं बहुतेक पाणी असतं. तेल-पाण्याचं एरवी पटत नाही, तरी इथे दोन्ही मुकाट्याने नांदतात, कारण केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी स्निग्धांशाचे कण आपल्या पोकळ्यांत धरून ठेवते. ही जाळी घट्ट बांधतं ते कॅल्शियम. 100 ग्रॅम चेडरमध्ये ते 700 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हाडांसाठी उत्तम म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो, तेच पातेल्यात आडवं येतं.

कारण तापवताना सगळे घटक एकाच वेळी सैल होत नाहीत. स्निग्धांश 32 अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊ लागतो आणि 40 अंशांपर्यंत पुरता द्रव झालेला असतो. प्रथिनांची जाळी चेडरमध्ये साधारण 65 अंशांना ढिली पडते, तर पार्मेझानसारख्या कोरड्या चीजमध्ये त्यासाठी 80 अंश ओलांडावे लागतात. म्हणजे तेल आधीच सुटायच्या तयारीत आणि त्याला धरून ठेवणारी जाळी ताणलेली. त्यात आच जास्त झाली की प्रथिनं एकमेकांना बिलगतात, पाणी पिळून बाहेर काढतात आणि गोळा होतो.

चीजचं वयही यात महत्त्वाचं. कोवळ्या चीजमध्ये केसीनचे धागे लांब आणि अखंड असतात, म्हणून ते तारा काढतं. खूप मुरलेल्या चीजमध्ये ते धागे तुटून आखूड झालेले असतात. चव झकास, पण तेल धरायची ताकद गेलेली. माझं मत विचाराल तर डिपचा मुख्य भाग मध्यम मुरलेल्या चीजचा असावा आणि जुनं, तिखट चवीचं चीज फक्त स्वादापुरतं घालावं. नुसत्या आम्लाने दूध फाडून केलेल्या चीजच्या नादी मात्र लागू नये. आम्लामुळे त्यातल्या प्रथिनांवरचा विद्युतभार जवळपास नाहीसा होतो, ती एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कितीही तापवलं तरी वितळत नाहीत.

मग उपाय काय? जाळीतलं कॅल्शियम थोडं कमी करायचं. हे काम सोडियम सायट्रेट नावाचं पांढरं, खारट-आंबट मीठ फार सफाईने करतं. सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि त्याच्या जागी सोडियम जातं. सोडियमला दोन धागे एकत्र बांधता येत नाहीत, त्यामुळे जाळी उकलते आणि केसीन पाण्यात पसरतं. केसीनच्या रेणूचा काही भाग तेलात रमतो, काही पाण्यात. मोकळं झालेलं केसीन तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती कवच करतं आणि थेंब एकमेकांत मिसळेनासे होतात. चीज आणि द्रव मिळून जेवढं वजन, त्याच्या सुमारे 2 टक्के सायट्रेट पुरतं. ते आधी गरम दुधात किंवा पाण्यात विरघळवायचं, मग मूठमूठ चीज घालत ढवळायचं. पाच मिनिटांत गुळगुळीत, चकचकीत डिप.

रक्तदानाच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून असतं तेही सायट्रेटच! रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट तेच पकडून ठेवतं. हा उपयोग 1914 च्या सुमाराचा. चीजवाल्यांनी त्याच्या थोडं आधी बाजी मारली होती. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी एमेंटाल चीज सायट्रेटसोबत तापवून टिकाऊ प्रक्रिया केलेलं चीज तयार केलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांना त्यांच्या पद्धतीचं पेटंट 1916 मध्ये मिळालं. 'प्रोसेस्ड' म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात; डिपपुरतं तरी त्यांचं ऐकू नये. अशा चीजचे दोन-तीन तुकडे चांगल्या चेडरमध्ये टाकले तर त्यातले क्षार सगळ्या पातेल्याला सांभाळून घेतात. वाइनमध्ये चीज वितळवून करतात त्या फोंड्यूतली वाइनही आपल्या आम्लांच्या जोरावर काहीशी हीच कामगिरी बजावते.

सोडियम सायट्रेट मिळालं नाही तर लिंबाच्या रसात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाकत जावा. रसात साधारण 5-6 टक्के सायट्रिक आम्ल असतं. फेस यायचा थांबला की हातात सायट्रेटचं द्रावण आलं. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, तेवढं जपा.

कॉर्नफ्लोअरचा मार्ग वेगळा. ते कॅल्शियमच्या वाटेला जात नाही. दुधात शिजून फुगलेला स्टार्च द्रव दाट करतो, प्रथिनांच्या आणि तेलाच्या मध्ये येतो, त्यांना एकत्र जमू देत नाही. म्हणून कॉर्नफ्लोअर आधी दुधात दाट होईपर्यंत शिजवावं, आच बंद करावी आणि मगच चीज घालावं. चव किंचित बोथट होते आणि गार झाल्यावर डिप खिरीसारखं घट्ट बसतं.

पाहुणे येईपर्यंत निवण्याचा प्रश्न असतोच. 40 अंशांखाली स्निग्धांश परत गोठू लागतो, वरच्या थरातलं पाणी उडून प्रथिनांची साय धरते. भांडं गरम पाण्यात ठेवून वर झाकण ठेवलं, अधूनमधून चमचाभर गरम दूध घालून ढवळलं तर काम भागतं. पण नुसतं कोमट ठेवून तासन्‌तास टेबलावर राहू देऊ नये. अन्नसुरक्षेचा नियम असा, की गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवावा, नाहीतर दोन तासांत संपवावा किंवा फ्रीजमध्ये टाकावा.

आणि अर्धी चिप खाऊन उरलेली परत बुडवणारे? अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे मोजून पाहिलंय. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. उष्टी चिप बुडवल्यावर पातळ साल्सात, म्हणजे टोमॅटोच्या चटणीत, दर मिलिलिटरमागे सुमारे 1,000 जिवाणू सापडले, चीज डिपमध्ये 150 ते 200. दाट डिप चिपलाच चिकटून वर येतं, भांड्यात परत फारसं गळत नाही. साल्सातला आकडा दोन तासांत उतरून चीज डिपच्या पातळीला आला, कारण साल्सा आंबट. थोडक्यात, या बाबतीत चीज डिप साल्सापेक्षा बरं, पण निर्धोक नव्हे. दहा जणांत एक मोठं भांडं ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला छोटी वाटी द्यावी आणि मोठं भांडं स्वयंपाकघरात गरम राहू द्यावं.