स्वतंत्र हिप-हॉप लेबल

मोठ्या संगीत कंपन्यांच्या मालकीबाहेर राहून रॅप संगीताच्या ध्वनिमुद्रणात पैसा घालणारा, ते प्रसिद्ध करणारा आणि त्याच्या हक्कांच्या उत्पन्नावर चालणारा लघुउद्योग. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांना या धंद्यात ‘मेजर’ म्हणतात. ज्या लेबलची मालकी त्यांच्याकडे नाही ते स्वतंत्र, मग त्याचा माल एखाद्या मेजरच्या वितरण शाखेतून बाजारात का जाईना. लेबल काढायचे म्हणजे स्टुडिओ उभारायचा, असा नवख्यांचा समज असतो. स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो. लेबलची खरी मालमत्ता कागदावर असते : कोणत्या मुद्रणाचा मालक कोण, किती वर्षांसाठी, आणि मिळकतीत कोणाचा किती वाटा.

हे संगीत १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डीजे पार्ट्यांतून वाढले. त्याला बाजारात पहिले मोठे यश मिळवून दिले ते एका लहान लेबलने. सिल्व्हिया रॉबिन्सन आणि त्यांचे पती जो यांनी न्यू जर्सीतील एंगलवुड येथे शुगर हिल रेकॉर्ड्स सुरू केले आणि १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणे बाजारात आणले. त्याचा ताल ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर बेतलेला होता. मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतली आणि त्यांची नावे रचनाकार म्हणून घालावी लागली. हिप-हॉपचे पहिले मोठे यश आणि हक्कांचा पहिला मोठा वाद असे एकाच रेकॉर्डवर आले.

पुढची लेबले अशीच तुटपुंज्या साधनांतून उभी राहिली. टॉम सिल्व्हरमन यांचे टॉमी बॉय १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाले. रिक रुबिन यांचे डेफ जॅम न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीतून चाले. १९८४ मध्ये रसेल सिमन्स त्यांचे भागीदार झाले आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया रेकॉर्ड्सशी वितरणाचा करार झाला. न्यूयॉर्कपासून दूर असलेल्यांना रेडिओ आणि मोठी दुकाने दारात उभे करत नसत. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टू शॉर्ट या रॅपरने घरी भरलेल्या कॅसेट हातोहात विकल्या, आणि गाडीच्या डिकीतून विक्री हीच त्या भागाची वितरणव्यवस्था बनली. रॅपर मास्टर पी यांचे नो लिमिट हे लेबल आधी कॅलिफोर्नियातील रिचमंड येथले रेकॉर्डचे दुकान होते. गिऱ्हाईक काय मागते हे गल्ल्यावर बसून शिकलेल्या माणसाने १९९६ मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी करार करताना मूळ मुद्रणांची, म्हणजे ‘मास्टर’ची, मालकी स्वतःकडे ठेवली. या क्षेत्रातला तो सर्वांत अनुकरणीय व्यवहार म्हणावा लागेल.

प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा : शब्द आणि संगीत. दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाचा. लेबलकडे सहसा दुसरा असतो, पहिला लिहिणाऱ्याचा आणि बीट, म्हणजे ज्यावर रॅप करतात ते ताल-संगीत, बनवणाऱ्याचा. रॅपमध्ये रचनेचा निम्मा वाटा बीटला आणि निम्मा शब्दांना, असा सर्वसाधारण रिवाज आहे. तो वाटा ‘स्प्लिट शीट’ नावाच्या एका पानावर, शक्यतो मुद्रणाच्या दिवशीच, सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावा. गाणे चालल्यावर प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. मुद्रणाला १२ अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक घेतात, त्यावरून मिळकतीचा माग लागतो. रचनेची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था वेगळ्या, उदाहरणार्थ अमेरिकेत ॲस्कॅप आणि बीएमआय. तिथल्या इंटरनेट रेडिओची मुद्रणाची रॉयल्टी साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते : ५० टक्के मुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. नोंदणीच केली नसेल तर हा पैसा लेबलच्या दाराशी येऊन परत जातो.

इतर संगीतात कमी आढळणारी अडचण म्हणजे बीटची मालकी. ऑनलाइन मिळणारी बहुतेक स्वस्त बीट ‘लीज’वर, म्हणजे मालकी न देता वापरापुरती, असतात : तेच बीट आणखी पन्नास जणांना दिलेले असू शकते आणि करारात किती स्ट्रीमपर्यंत परवानगी, याची मर्यादा असते. गाणे गाजले की ती मर्यादा ओलांडली जाते, आणि नवा सौदा करताना पारडे बीटमेकरकडे झुकलेले असते. अशा गाण्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतले संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, हक्क सांगता येत नाही. सांगितलाच, तर त्याच बीटवर प्रामाणिकपणे गाणाऱ्या दुसऱ्याच्या गाण्यावर दावा पडतो. कलाकाराचा चाचणीचा काळ लीजवर जाऊ द्यावा. लेबलच्या नावाने निघणारे गाणे मात्र पूर्ण हक्क घेतलेल्या बीटवरच असावे.

सॅम्पलचे, म्हणजे जुन्या मुद्रणातून उचललेल्या तुकड्याचे, तसेच. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्की यांच्या विरोधात निकाल दिला, तेव्हापासून विनापरवाना तुकडा वापरणे हा उघड धोका झाला. सॅम्पलसाठी रचना आणि मुद्रण अशा दोन परवानग्या लागतात. तोच तुकडा वादकांकडून नव्याने वाजवून घेतला तर फक्त रचनेची पुरते. लहान लेबलला हा मार्ग बहुधा परवडतो.

कलाकाराशी होणाऱ्या करारात सर्वाधिक गैरसमज ॲडव्हान्सबद्दल असतात. ॲडव्हान्स म्हणजे उचल, बक्षीस नव्हे. ती फिटेपर्यंत रॉयल्टी हाती पडत नाही. समजा, एका अल्बमवर १०० रुपये खर्च झाले आणि १४० आले. जुन्या धाटणीच्या करारात कलाकाराचा वाटा १५ टक्के धरला, तर त्याच्या खात्यात २१ जमा होतात आणि पूर्ण खर्च त्याच्या नावावर असल्याने तो अजून ७९ देणे लागतो. लेबल मात्र ४० नफ्यात असते. म्हणून अनेक स्वतंत्र लेबले सरळ हिशेब पसंत करतात : खर्च वजा करून उरलेल्या ४० चे निम्मे-निम्मे. मित्राशी करार करताना तर हीच रीत न्याय्य आहे. दर सहा महिन्यांनी हिशेब दाखवावा, शून्य असला तरी.

धंद्याची बाजू थोडक्यात : स्वतंत्र कंपनी, स्वतंत्र बँक खाते आणि नाव आधीच कोणाचा ट्रेडमार्क आहे का याची तपासणी. वितरणासाठी आता डिकी लागत नाही, ॲग्रिगेटर म्हणवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर गाणी चढवतात. मात्र स्ट्रीमिंगचे उत्पन्न इतके विरळ असते की केवळ त्यावर विसंबू नये. २०२४ पासून स्पॉटिफाय १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यावर मुद्रणाची रॉयल्टीच देत नाही. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावरच्या थेट विक्रीत डिजिटलवर १५ आणि वस्तूंवर १० टक्के, शिवाय पैसे चुकते करण्याचे शुल्क कापून बाकी लेबलला मिळते, त्यामुळे काहीशे निष्ठावान श्रोते असलेल्या लेबलला विनाइल आणि टी-शर्ट यांतूनच जास्त मिळू शकते. चित्रपट-जाहिरातींत गाणे वापरू देणे हा आणखी एक स्रोत. तिथे घाई असते, म्हणून दोन्ही हक्कांचे उत्तर एकाच फोनवर देऊ शकणारे लेबल पुढे जाते.

गाणी जुनी झाली तरी करार जागे राहतात. टॉमी बॉयने १९८९ मध्ये डे ला सोल या रॅप गटाचा पहिला अल्बम काढला. त्या काळच्या सॅम्पलच्या परवानग्या रेकॉर्ड आणि कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या होत्या, डिजिटलचा त्यात विचार नव्हता. २०२१ मध्ये रेझर्व्हॉर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतले, परवानग्या नव्याने मिळवल्या, आणि डे ला सोलचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले ते मार्च २०२३ मध्ये. गटातील डेव्ह जोलिकर त्याआधी काही आठवडे वारले होते.