रजा आणि खाडा: दोन्हीत पोरगं घरीच असतं, मग फरक काय?

दिवाळीच्या सुट्ट्या संपतात आणि इकडे शिवारात कापूस फुटलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. त्या आठवड्यात वर्गातल्या बसकरपट्ट्या निम्म्या मोकळ्या दिसतात. हजेरी घेताना एकेका नावानंतर थांबावं लागतं, मग मागून कुणीतरी सांगतं, "गुरुजी, तो वावरात हाये."

मागच्या वर्षी सातवीतल्या दोन मुली एकाच दिवसापासून यायच्या थांबल्या. पहिल्या मुलीचा भाऊ दुसऱ्या इयत्तेत आहे. त्याच्या दप्तरातून चिठ्ठी आली, जिनिंगवरच्या काटापट्टीच्या (कापसाच्या वजनाच्या पावतीच्या) कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेली: "आई दवाखान्यात आहे. लहान बहिणीपाशी कोणी नाही. सोमवारी येईन. गणिताचा अभ्यास भावाजवळ द्यावा." खाली वडिलांचा अंगठा. दुसऱ्या मुलीची काहीच खबर नव्हती. मला वाटलं ताप असेल. आठव्या दिवशी घरी गेलो तेव्हा आजी म्हणाली, "पोट्टी मामाच्या गावाले गेली जी, कापूस येचाले." ती परत आली तेव्हा शाळेचे 19 दिवस गेले होते.

हजेरीपटावर दोघींपुढे मी एकच अक्षर लिहिलं, 'गै'. पण पहिलीची होती रजा आणि दुसरीचा होता खाडा. आमच्याकडे कुणी त्याला नागा म्हणतं, कुणी शाळा बुडवणं म्हणतं. पालकांना हा फरक पटत नाही, हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. "घरीच होती ना, मग चिठ्ठी देल्ली काय अन् नाई देल्ली काय!" म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रजेत शाळेला तीन गोष्टी कळलेल्या असतात: मूल का येणार नाही, कधी परत येईल आणि तोवर ते कुणाच्या नजरेखाली आहे. खाड्यात यातलं काहीच कळत नाही. पहिल्या मुलीचा अभ्यास मी रोज भावाच्या हाती पाठवला आणि सोमवारी ती वही भरून घेऊन आली. दुसरीसाठी आठ दिवस मला काही करताच आलं नाही, कारण ती आज येईल, उद्या येईल असंच वाटत राहिलं. आल्यावर ती मागच्या रांगेत बसून शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि विचारलं की मान खाली घालायची. तिला गणित येत नव्हतं असं नाही. मध्यल्या पायऱ्या तिच्यासमोर झाल्याच नव्हत्या.

दुसऱ्या बाजूनंही एक गैरसमज आहे, तोही स्पष्ट सांगतो. अर्ज दिला म्हणजे तो दिवस भरला, असं होत नाही. रजा मंजूर झाली तरी हजेरीत तो दिवस गैरहजेरीचाच राहतो. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते आणि त्या हिशेबात रजा आणि खाडा दोन्ही सारखेच वजा होतात. समजा शाळा वर्षात 220 दिवस भरली, तर 55 दिवसांच्या पुढे गेलं की अडचण सुरू होते. फरक पडतो तो इथं: मोठ्या आजारपणात हजेरी कमी पडली, तर दवाखान्याचे कागद आणि वेळच्या वेळी दिलेले अर्ज दाखवून सवलत मागता येते. खाड्याचा कुठं कागदच नसतो, मग शाळेनं बोर्डापुढे मांडायचं काय?

गावातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात हजेरी म्हणजे 'दिवस भरणं' असं बसलं आहे, त्यालाही कारण आहे. 1995 साली शाळेत आहार योजना आली तेव्हा सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं. 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. पिशवी घेऊन आलेला माणूस आधी विचारायचा, "हजेरी भरली का जी?" आता खिचडी शाळेतच शिजते आणि आलेलं मूल तिथंच जेवतं. हजेरी मोजायची सवय मात्र घराघरात तशीच राहिली.

आता कोणतं कारण रजेचं, कोणतं नाही? ताप, दवाखाना, घरातलं मयत, नाल्याला पूर येऊन रस्ता बंद, यावर कोणीही शिक्षक अडून बसत नाही. भावाबहिणीचं साक्षगंध (साखरपुडा) किंवा लग्न असेल तर एक-दोन दिवस द्यावेत असं माझं मत आहे, आठवडा नाही. वावरातल्या कामाला मात्र मी रजा म्हणत नाही. मजुरी किलोवर मिळते, फुटलेला कापूस अवकाळी पावसात भिजला तर भाव पडतो, घरातला एक हात वाढला तर किती फरक पडतो, हे मी रोज पाहतो. तरीही म्हणत नाही. बालमजुरीचा कायदा 1986 चा, तो 2016 मध्ये कडक झाला. त्याप्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावता येत नाही. घरच्या शेतीत हातभार लावता येतो, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आणि रविवारी पोरं आईबापाबरोबर वेचायला गेली, तर मी कधी काही बोललो नाही.

पण एक कळकळीची विनंती आहे: वावरात नेलं असेल तर 'ताप होता' असं लिहून पाठवू नका. खरं सांगा. मी त्याला रजा म्हणणार नाही, चार शब्द बोलेन, पण लेकरू कुठं आहे ते मला कळेल आणि संध्याकाळी त्याच्यासाठी अर्धा तास काढता येईल. खोट्या तापाच्या चिठ्ठीनं तेही होत नाही. शिवाय ती चिठ्ठी पोरीलाच लिहावी लागते आणि आपल्याच गुरुजींशी खोटं बोलायला आपण तिला शिकवतो.

बरेच पालक कळवत नाहीत ते भीतीपोटी. 'नाव कटेल', 'दंड होईल' असं त्यांना वाटतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण पालकाला दंड कुठंच सांगितलेला नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मारणं आणि मनाला लागेल असं छळणं यांनाही त्या कायद्यात मनाई आहे. तेव्हा उशिरा का होईना, या आणि सांगा.

सांगितलं नाही तर खाडा वाढत वाढत कुठं जातो, ते पाहा. मूल सलग एक महिन्याहून जास्त दिवस आलं नाही, तर आपल्या राज्यात ते 'शाळाबाह्य' धरलं जातं. नाव पटावर असतं आणि मूल शाळेबाहेर. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात खम्मम, वारंगलकडे जातात. हा चार दिवसांचा मामला नाही आणि त्याला साधी रजाही पुरत नाही. निघायच्या आधी शाळेत येऊन शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. राज्यातल्या दुसऱ्या गावी जाणार असाल तर ते दाखवून तिथल्या शाळेत मूल बसतं, आणि परत आल्यावर आपल्या शाळेत त्याची जागा असतेच. तेलंगणात शाळा तेलुगूत भरते, तिथं हे जमणं अवघड आहे. मग लेकराला आजीपाशी ठेवणं किंवा हंगामी वसतिगृहाची चौकशी करणं हाच मार्ग उरतो. पण ती व्यवस्था लावायला आम्हाला चार-आठ दिवस लागतात. ट्रक दारात उभा राहिल्यावर कळवलं, तर आमच्याही हातात काही राहत नाही.

उशिरा येणाऱ्या मुलांबद्दल थोडंच सांगतो. एसटी चुकली, नाल्याला पाणी होतं, म्हशीचं दूध घालून यावं लागलं, काहीही असो, उशीर झाला तरी पाठवा. 'आता परिपाठ झाला, आज राहू दे' असं म्हणून घरी ठेवलं की अर्ध्या तासाच्या उशिराचा अख्ख्या दिवसाचा खाडा होतो.

अर्जाला कोरा कागद आणि सुवाच्य अक्षर हवं असंही काही नाही. लिहिता येत नसेल तर फोन करा, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, शेजारच्या पोराजवळ निरोप द्या. मुलाचं नाव, कारण आणि परत यायचा दिवस इतकं पुरे.

त्या दुसऱ्या मुलीची आजी यंदा स्वतः शाळेत आली. उन्हातून चालत आली होती, ओट्यावर बसून आधी पाणी प्यायली. "गुरुजी, मामाच्या इथं साक्षगंध हाये. पोट्टीले नेतो, बुधवारी आणतो." मी म्हटलं, "मावशी, मंगळवारी गणिताची चाचणी आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मंग सोमवारच्या गाडीनं धाडतो तिले." मंगळवारी हजेरी घेताना तिचं नाव आलं, तेव्हा आवाज पुढच्या रांगेतून आला.