शासनाच्या मसुद्यावर हरकत व सूचना : कोणी, कशी आणि कधी नोंदवावी

कायदा विधिमंडळ करते. परंतु त्याखालील नियम, विनियम आणि अधिसूचना मंत्रालयातील विभाग किंवा एखादे प्राधिकरण काढते, आणि शेतकऱ्याच्या किंवा ग्राहकाच्या रोजच्या व्यवहाराला हात लागतो तो बहुधा यांच्यामुळेच. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल, तर १९०४ च्या राज्य सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २४ नुसार मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, तो कोणत्या तारखेला विचारात घेतला जाईल हे जाहीर सूचनेत सांगावे लागते आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार करणे संबंधित प्राधिकाऱ्यावर बंधनकारक असते.

मराठवाड्याने ही प्रक्रिया अलीकडेच जवळून पाहिली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या नामांतराची प्रारूप अधिसूचना महसूल संहितेच्या कलम ४ खाली फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाली, त्यावर हरकती मागवण्यात आल्या आणि अंतिम अधिसूचना १५ सप्टेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. तेव्हा हरकतींची चर्चा पारापारावर होती. पाणीपट्टीचे निकष ठरतात तेव्हा मात्र एवढी जाग दिसत नाही. वास्तविक महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम ११ प्रमाणे लाभधारकांची मते अजमावल्याशिवाय हे निकष निश्चित करता येत नाहीत, आणि जायकवाडीच्या कालव्यावर भिजणाऱ्या शेतीशी त्यांचा थेट संबंध आहे.

पात्रतेचा प्रश्न सोपा आहे. मसुद्याची झळ पोहोचणारी कोणतीही व्यक्ती, ग्रामपंचायत, पाणी वापर संस्था किंवा ग्राहक संघटना हरकत देऊ शकते. त्यासाठी वकील लागत नाही आणि अर्ज मराठीत चालतो. केंद्राच्या मसुद्यांबाबत भाषेची अडचण खरी आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा २०२० चा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले.

मुदत प्रत्येक सूचनेत वेगळी असते. विकास योजनेच्या प्रारूपासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली ३० दिवस मिळतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातही किमान ३० दिवस सांगितले आहेत. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. राजपत्र गावात येत नाही आणि वर्तमानपत्रातील जाहीर सूचना बारीक अक्षरात असते, त्यामुळे विभागाचे संकेतस्थळ आणि तहसील कार्यालयाचा सूचना फलक अधूनमधून पाहिलेला बरा.

अर्जात मसुद्याचा क्रमांक व दिनांक, आपले नाव, पत्ता आणि ज्या खंडावर आक्षेप आहे त्याचा क्रमांक लिहावा. त्याखाली कारण द्यावे आणि त्या जागी कोणते शब्द हवेत तेही सुचवावे. ‘हा निर्णय अन्यायकारक आहे’ एवढ्या एका ओळीवर शंभर सह्या घेण्यापेक्षा आपल्या गटाचा हिशेब मांडणारा एक अर्ज अधिक वजनदार ठरतो, असे माझे मत आहे. कागदपत्रे विषयानुसार जोडावीत : जमिनीचा प्रश्न असल्यास सातबारा व गटाचा नकाशा, पाण्याचा असल्यास पाणीपट्टीची पावती, विजेचा असल्यास वीजबिल. संस्थेच्या वतीने अर्ज असेल तर ठरावाची प्रत जोडणे इष्ट. राज्य वीज नियामक आयोगाकडे दरवाढीवर हरकत देताना ती वीज कंपनीलाही पाठवल्याचा पुरावा मागितला जातो, आणि सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे असल्यास तसे अर्जातच नमूद करावे लागते. अनेकांचे म्हणणे या एका वाक्याअभावी कागदावरच राहते.

अर्ज समक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, टपालाने पाठवल्यास पोहोच जपावी. आपल्या हरकतीचे काय झाले हे कोणी आपणहून कळवीलच असे नाही. अशा वेळी माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून हरकतींवरील टिप्पणी मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्कही नाही. पूर्वप्रसिद्धीची अट डावलूनच नियम अंतिम केला असेल, तर मराठवाड्यातील नागरिकाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते, आणि आधी हरकत दिली असल्यास ती शिक्का मारलेली प्रत तिथे जोडता येते.