दुसरा मॉनिटर दिसत नाही म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलू नका

कोल्हापुरात राजारामपुरीतली डीटीपीची दुकानं असोत की उद्यमनगरात कास्टिंगची ड्रॉइंग करणारी वर्कशॉपं, एका टेबलावर दोन मॉनिटर ही आता चैन राहिलेली नाही. एकावर ड्रॉइंग, दुसऱ्यावर मशिनचा प्रोग्राम. एखाद्या सकाळी दुसरा पडदा 'नो सिग्नल' दाखवून काळाच राहतो आणि निदान तयारच असतं: "कार्ड गेलंय, बदलून टाका." मला हे निदान ऐकलं की राहवत नाही. त्याच कार्डावर पहिला मॉनिटर झकास चालू असतो, ही गोष्ट कुणी विचारातच घेत नाही. कार्डाचं एखादं पोर्ट जाऊ शकतं, पण संशय घ्यायचा तर आधी केबलमधल्या चार-पाच बारीक तारांवर घ्यावा.

संगणक मॉनिटरला चित्र पाठवण्याआधी त्याची चौकशी करतो. एचडीएमआय या मॉनिटरच्या नेहमीच्या केबलीला १९ पिना असतात. पहिल्या १२ चित्र आणि आवाज वाहून नेतात, पण चौकशी होते ती शेवटच्या काही पिनांवरून. १८व्या पिनेतून कार्ड ५ व्होल्ट पाठवतं. मॉनिटर जोडलेला असेल, तर तो तेच व्होल्टेज १९व्या पिनेवर परत चढवतो. कार्डाला कळतं, पलीकडे कुणीतरी आहे. मग १५ आणि १६ या दोन पिनांवरून ते मॉनिटरमधल्या एका छोट्या मेमरी चिपला विचारतं आणि चिप १२८ बाइट पाठवते. स्थळाच्या बायोडाट्यासारखाच हा मजकूर असतो: घराणं, जन्मसाल, उंची-रुंदी आणि काय काय जमतं ते. त्याचं नाव ईडीआयडी, आणि पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेनं १९९४ मध्ये ते प्रमाण ठरवलं. ज्या दोन तारांवरून हे वाचलं जातं, ती आय-टू-सी पद्धत त्याहून जुनी, फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलेली.

हे १२८ बाइट एकदा तरी उलगडून बघावेत. कंपनीची ओळख तीन इंग्रजी अक्षरांत असते, पण बसवलेली दोनच बाइटांत, म्हणजे सोळा बिटांत (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). अक्षरं २६ आणि पाच बिटांत आकडे ३२, म्हणजे एका अक्षराला पाच बिट पुरतात. डेलची अक्षरं डी, ई, एल, म्हणजे चौथं, पाचवं आणि बारावं: ००१००, ००१०१, ०११००. पंधरा बिट झाले, सोळावा शून्य. उत्पादनाचं साल १९९० वजा करून लिहितात, म्हणून २०१९ च्या मॉनिटरमध्ये तिथं २९ असतो. पडद्याची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये.

खरी गंमत पुढच्या १८ बाइटांच्या तुकड्यात आहे. फुल एचडी पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, पण प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडा मोकळा वेळ सोडावा लागतो. तो धरला की हिशोब २२०० बाय ११२५ होतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे २२०० × ११२५ × ६०, एकूण १४ कोटी ८५ लाख ठिपके. ही संख्या तुकड्याच्या पहिल्या दोन बाइटांत येते: २ आणि ५८. धाकटा बाइट आधी, थोरला नंतर. ५८ गुणिले २५६ अधिक २ बरोबर १४,८५०, आणि एकक १० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा हजार ठिपके. झाले १४८.५ मेगाहर्ट्झ. सगळ्यात शेवटचा, १२८वा बाइट मुद्दाम असा निवडलेला असतो की सर्व बाइटांची बेरीज २५६ नं नि:शेष भागली जावी. वाटेत एक बिट जरी उलटला, तरी बेरीज चुकते आणि संगणकाला कळतं की वाचलेलं भरवशाचं नाही.

म्हणून चित्राच्या तारा ठणठणीत असूनही मॉनिटर 'डिटेक्ट' होत नाही, किंवा विंडोज त्याला 'जेनेरिक' म्हणून ओळखते आणि १०२४ बाय ७६८ च्या पुढं जाऊच देत नाही. केबल फार लांब असली की चौकशीच्या तारांवरचे सिग्नल पसरट होतात. काही स्वस्तातल्या व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, केबलींमध्ये १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना, म्हणजे नेमक्या चौकशीच्याच, जोडलेल्या नसतात. एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या कन्व्हर्टरचं दुखणं आणखी वेगळं. त्यातली चिप त्याच १८व्या पिनेच्या विजेवर चालते आणि तिथं कार्डानं किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच हमी आहे. चिपला जास्त लागले की पडदा येतो-जातो. अशा वेळी यूएसबीवरून वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर घ्यावा.

शोधायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चालू मॉनिटरची केबल काढून बंद मॉनिटरला लावा. पडदा उजळला, तर मॉनिटर चांगला आहे. दोष जुन्या केबलीत किंवा तिच्या पोर्टमध्ये. मग जुनी केबल चालू पोर्टवर लावली की तेही ठरतं. दोन्ही केबली एकदम बदलून, कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही त्याच वेळी नवा टाकला, तर मॉनिटर सुरू होईल, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही. वास्तुदोष म्हणून टेबलाची दिशा फिरवली आणि मॉनिटर सुरू झाला, असं सांगणारे भेटतात ते याचमुळे. टेबल फिरवताना केबल काढून पुन्हा घट्ट बसवली गेली, गुण त्याचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलीचंही तसंच. सोनं गंजत नाही, आपल्या पावसाळी हवेत तेवढा फायदा खरा. पण एचडीएमआयमधून चित्र आकड्यांत येतं. आकडे नीट पोहोचत असतील, तर सोन्यानं रंग अधिक खुलत नाहीत.

असेंबल केलेल्या संगणकात आणखी एक बघा. नंतर कार्ड बसवलं आणि एक मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टलाच राहिला, असं सर्रास होतं. कार्ड दिसलं की अनेक मदरबोर्ड स्वतःचं पोर्ट बंद करतात. दोन्ही केबली कार्डावर घ्या, नाहीतर बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, 'मल्टी-मॉनिटर' चालू करा. दोन्हीकडे एकच चित्र दिसत असेल, तर विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. मात्र व्हीजीएचा साधा वाय-स्प्लिटर, म्हणजे एका पोर्टच्या दोन वाटा करणारी केबल, लावला असेल, तर तिथं दोन वेगळी चित्रं मिळणारच नाहीत.

वर्कशॉपात वेल्डिंग मशिन सुरू झालं की दुसरा पडदा क्षणभर काळा होतो, अशीही तक्रार येते. १९व्या पिनेवरचं व्होल्टेज निमिषभर पडलं, तरी कार्ड मॉनिटर गेला असं समजून सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून करतं. तिथं संगणक आणि दोन्ही मॉनिटर एकाच नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या आणि मॉनिटरची केबल मशिनच्या वायरीपासून हातभर लांबून न्या.