खातं जोडताना येणारा ‘ऑथरायझेशन एरर’ : पार्श्वभूमी

३१ ऑगस्ट २०१० रोजी ट्विटरने बाहेरच्या ॲप्ससाठी युजरनेम-पासवर्डचा रस्ता बंद केला आणि ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता ॲपला परवानगी देण्याची पद्धत, सक्तीचं केलं. तोवर एखाद्या ॲपला पासवर्ड देणं म्हणजे कुलमुखत्यारपत्र लिहून देणं होतं. ट्वीट टाकायला दिलेल्या पासवर्डनेच ते ॲप खासगी निरोप वाचू शकत होतं. त्याला बाहेर काढायचं तर पासवर्ड बदलावा लागे, म्हणजे बाकीची ॲप्सही तुटत. ओऑथने त्याजागी खास मुखत्यारपत्र आणलं: अमुक ॲपला, अमुक कामापुरतं, हवं तेव्हा रद्द करता येणारं. आज खातं जोडताना मिळणारे बहुतेक नकार या कागदातल्या कुठल्या ना कुठल्या अटीवर अडलेले असतात. कोणती अट कधी आणि कशासाठी आली हे ठाऊक असलं, तर दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते लवकर सापडतं.

ओऑथची पहिली आवृत्ती डिसेंबर २००७ ची. तिच्यात ॲपच्या प्रत्येक विनंतीवर डिजिटल सही लागे. सगळे घटक क्रमाने लावायचे, त्यांचं टक्केवारी-चिन्हांचं एन्कोडिंग (अक्षराच्या जागी % चिन्हाचा संकेत) करायचं आणि गुप्त किल्लीने सही काढायची. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सरळ ४०१, म्हणजे सर्व्हरचा ‘ओळख पटली नाही’ हा नकार. मराठीत लिहिणाऱ्यांना याचा खास फटका बसत असे. ‘क’ हे एकच अक्षर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइटचं होतं, एन्कोड केल्यावर ९ चिन्हांचं, आणि सहीच्या मजकुरात ते पुन्हा एन्कोड होत असल्याने १५ चिन्हांचं. हे दुसरं एन्कोडिंग ज्या ॲपमध्ये चुकलेलं असे, तिथे इंग्रजी साध्या शब्दांची पोस्ट जायची आणि मराठी पोस्टला ‘अनऑथराइज्ड’ यायचं. परवानगी शाबूत, बिघाड सहीत.

घड्याळाचा गोंधळही त्याच काळापासूनचा. सहीत वेळ नोंदलेली असते. संगणकाचा टाइम झोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवून हाताने भारतीय वेळ लावली, तर भिंतीवरच्या घड्याळाशी सगळं जुळतं, पण सर्व्हरच्या लेखी ते यंत्र साडेपाच तास पुढे असतं. विनंती भविष्यातली ठरते आणि नाकारली जाते. सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रॅमचं खातं) वापरणाऱ्या जोडण्यांमध्ये हा दोष आजही तसाच भेटतो. झोन ‘कोलकाता’ ठेवावा आणि वेळ नेटवरून आपोआप घेऊ द्यावी, एवढ्यावर तो मिटतो.

एप्रिल २००९ मध्ये या पद्धतीतली एक मोठी फट उघडकीला आली. हल्लेखोर जोडणीची सुरुवात स्वतः करी, ‘परवानगी द्या’ची लिंक दुसऱ्याला पाठवी आणि त्याने होकार दिला की दार हल्लेखोरासाठी उघडे. जूनमध्ये दुरुस्त आवृत्ती आली. परत येण्याचा पत्ता पहिल्याच पायरीला सांगायचा आणि परत येताना एक पडताळणी कोड आणायचा, असं ठरलं. ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ (परतीचा पत्ता जुळत नाही) या आजच्या एररमागची सावधगिरी त्याच जातीची आहे. होकाराचा कागद भलत्याच दारात पडू नये, एवढाच हेतू.

ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि सही गेली. टोकन, म्हणजे होकारानंतर ॲपला मिळणारी परवानगीची किल्ली, बेअरर चेकसारखं झालं: ज्याच्या हातात, त्याचं. संरक्षण उरलं ते एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीच्या भरवशावर. हा निर्णय इतका वादग्रस्त ठरला, की मसुद्याच्या मुख्य संपादकाने त्याच वर्षी जुलैमध्ये पद सोडलं आणि दस्तऐवजावरून आपलं नाव काढून घेतलं. सुरक्षेच्या अंगाने त्यांची हरकत वजनदार होती. तरीही सही जाण्याने छोट्या विकसकांचे आठवडेच्या आठवडे वाचले, हे मान्य करावंच लागतं.

त्या मसुद्यातली खरी अडचण मात्र दुसरीकडे आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली. ती म्हणजे ‘इनव्हॅलिड ग्रँट’ हे एररचं नाव. प्रमाणाच्या मजकुरात याची कारणं एका दमात दिली आहेत: कोड (होकारानंतर मिळणारी, टोकनसाठी बदलून घ्यायची तात्पुरती पावती) किंवा रिफ्रेश टोकन (मुदत संपल्यावर नवं टोकन मिळवून देणारं) चुकीचं असणं, मुदत संपलेली असणं, रद्द झालेलं असणं, परतीचा पत्ता आधी दिलेल्या पत्त्याशी न जुळणं, किंवा ते दुसऱ्याच ॲपला दिलेलं असणं. पाच वेगवेगळे रोग आणि चिठ्ठी एकच. खुलाशाची ओळ पाठवणं सर्व्हरच्या मर्जीवर सोडलं. ती ओळ ‘एरर डिस्क्रिप्शन’ या खान्यात येते, पण कितीतरी ॲप्स ती गाळून वापरणाऱ्याला फक्त ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दाखवतात. निदानाचा एकमेव धागा तिथेच तुटतो. विकसकाने दुसरं काही केलं नाही तरी हा खाना लॉगमध्ये जसाच्या तसा उतरवावा.

मग ओळखायचं कसं? नकार कधी आला ते बघावं. परवानगीच्या पानावरून परतताक्षणी आला, तर कोडचा दोष. कोड एकदाच चालतो आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटं असावं अशी प्रमाणाची शिफारस आहे. पान रिफ्रेश केलं की तोच कोड दुसऱ्यांदा जातो आणि मरतो. तासाभराने आला, तर रिफ्रेश टोकनच मिळालेलं नाही. गूगलचं ॲक्सेस टोकन (प्रत्यक्ष कामाचं) साधारण ३६०० सेकंदांचं असतं आणि सर्व्हरवरच्या ॲपला रिफ्रेश टोकन सहसा पहिल्या होकाराच्या वेळीच मिळतं. म्हणून तुटलेलं ॲप नुसतं पुन्हा जोडून भागत नाही. आधी गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातल्या बाहेरच्या ॲप्सच्या यादीतून ते काढायचं, मग नव्याने जोडायचं. विकसकाने ‘ऑफलाइन’ (वापरकर्ता समोर नसतानाही चालणारा) प्रवेश मागावा आणि गरजेपुरतं संमतीचं पान मुद्दाम पुन्हा दाखवावं.

बरोबर सात दिवसांनी आला, तर गूगलकडे नोंदवलेला ॲपचा प्रकल्प अजून ‘टेस्टिंग’ स्थितीत आहे. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीचा प्रकल्प या स्थितीत असेपर्यंत रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपतं. फक्त नाव, ईमेल आणि प्रोफाइल मागणाऱ्यांना सूट आहे. चाचणीचे वापरकर्तेही १०० च. प्रकल्प ‘प्रॉडक्शन’मध्ये न्यावा आणि खातं एकदा नव्याने जोडून घ्यावं. सहा महिने न वापरलेलं टोकनही बाद होतं. जीमेलची परवानगी असलेलं टोकन पासवर्ड बदलला की जातं. एका खात्याला एका ॲपकडून १०० हून जास्त रिफ्रेश टोकन्स दिली गेली, की सर्वांत जुनं कसलीही सूचना न देता रद्द होतं. प्रत्येक लॉगिनला नवं टोकन मागणारी ॲप्स याच मर्यादेवर आपटतात.

४०१ आणि ४०३ मधला घोळ जुना आहे. ४०१ चं नाव ‘अनऑथराइज्ड’, पण अर्थ ‘तुमची ओळख पटली नाही’. ४०३ म्हणजे ओळख पटली, या कामाची मुभा नाही. ४०१ ला टोकन ताजं करावं. ४०३ ला ताजं करून उपयोग नाही, परवानगी वाढवून घ्यावी लागते. संमतीच्या पानावर आता प्रत्येक परवानगीसमोर चौकट असते. ती रिकामी सोडून पुढे गेलं की खातं जोडलेलं दिसतं आणि काम मात्र ४०३ ने अडतं.

पुढच्या दशकात एकेक सवलत मिटत गेली. ॲपच्या आत उघडणाऱ्या वेबव्ह्यूमधून गूगलची परवानगी घेणं एप्रिल २०१७ पासून अडवलं गेलं. ‘डिसअलाउड यूजरएजंट’ दिसलं तर ॲपने फोनचा खरा ब्राउझर उघडायला हवा. कोड हाताने कॉपी करून चिकटवायची सोय जानेवारी २०२३ अखेर संपली, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट्सना आता लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच संगणकावरच्या पत्त्यावर, परतावं लागतं. परतीचा पत्ता अक्षरशः जुळावा, ही २०१२ मध्ये सैल असलेली अट जानेवारी २०२५ च्या सुरक्षा-शिफारशींनी पक्की केली. शेवटची तिरकी रेघ, ‘एचटीटीपी’नंतरचा ‘एस’, पुढचं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, यांतलं काहीही वेगळं असलं की पत्ता वेगळा. एररच्या पानावरचा पत्ता उचलून नोंदणीत तसाच चिकटवणं हाच बिनचूक उपाय, मात्र तो पत्ता आपलाच आहे ना हे आधी पाहावं. आपल्याकडे डिजिलॉकरमधून कागदपत्रं देतानाचं संमतीचं पानही याच ओऑथ २.० वर चालतं.

साध्या पासवर्डाचा उरलासुरला रस्ता वैयक्तिक जीमेलसाठी ३० मे २०२२ ला बंद झाला. ऑफिसातले स्कॅनर आणि हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर्स त्यात अडकली. मेल पाठवताना येणाऱ्या एररमध्ये ५३५ म्हणजे पासवर्ड नाकारला, ५३४ म्हणजे सर्व्हर ॲप पासवर्ड (अशा यंत्रासाठी काढलेला वेगळा पासवर्ड) मागतोय. तो १६ अक्षरी असतो, चार-चारच्या गटांत दिसतो, पण यंत्रात मोकळ्या जागा न सोडता भरलेला बरा. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी सुरू असावं लागतं. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात आणि स्कॅनरमध्ये नवा भरावा लागतो.