सेनापतीचा शिधा कोणाच्या वहीत?

रोमचं साम्राज्य का कोसळलं, याचं एक ठरलेलं उत्तर दर काही महिन्यांनी फिरत येतं: रोमनांनी परक्या रक्ताच्या माणसांना सेनापती केलं आणि त्यांनी घात केला. हे उत्तर ऐकायला सोपं आहे, पण चूक आहे. तेव्हा साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते, प्रत्येकाचा सम्राट आणि दरबार वेगळा. इ. स. ४०० मध्ये गायनास या गॉथ (एका जर्मानिक टोळीच्या) सेनापतीने पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथल्या दरबाराला वेठीला धरलं, हे खरं. पण हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत त्याच्या फौजेचा धुव्वा उडवणारा फ्राविट्टा हाही गॉथच होता. पश्चिमेचा सेनापती स्टिलिको याचा बाप व्हँडल, म्हणजे तशाच दुसऱ्या टोळीतला. ४०८ मध्ये इटलीतल्या रावेन्नाला त्याच्या मृत्यूचा हुकूम आला, तेव्हा त्याला सोडवायला धावलेल्या स्वतःच्याच माणसांना त्याने अडवलं आणि मान पुढे केली. रक्तावरून निष्ठा ठरते ही समजूत जन्मवेळेवरून स्वभाव ठरवण्याइतकीच पोकळ आहे. सेनापती कसा वागेल, हे बरंचसं तो ज्या व्यवस्थेत उभा असतो तिच्यावर ठरतं.

रोमनांनी ही व्यवस्था ठेच लागल्यावर उभी केली. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यातले बहुतेक सैनिकांच्या हातून किंवा रणात मेले. प्रांताचा करही ज्याच्याकडे आणि फौजही ज्याच्याकडे, त्याला सम्राट व्हायला फारसं काही कमी पडत नसे. डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांनी ही दोन कामं तोडली. सुभेदाराकडे न्याय आणि कर राहिले, सैन्य वेगळ्या सेनानीकडे गेलं. ३१२ मध्ये रोम जिंकल्यावर कॉन्स्टंटाइनने सम्राटांना बसवणारी-उठवणारी प्रीटोरियन पलटण मोडली. तिचा प्रमुख असलेल्या प्रीफेक्टचं पद मात्र ठेवलं, ते पूर्णपणे मुलकी करून.

बहुतेक वर्णनं ‘सत्तेची विभागणी झाली’ एवढं सांगून इथेच थांबतात. खरी गंमत यानंतर सुरू होते. प्रीफेक्टकडे तलवार उरली नाही, पण फौजेचं पोट त्याच्या हातात आलं. दरवर्षी त्याची कचेरी धान्य, मांस, दारू, तेल, वैरण किती लागेल याचा अंदाज बांधी आणि तेवढा कर वस्तूंच्या रूपात बसवी. एका सैनिकाचा शिधा म्हणजे एक ‘अन्नोना’, एका घोड्याची वैरण म्हणजे एक ‘कापितुम’. अधिकाऱ्याला हुद्द्याप्रमाणे अनेक अन्नोना मिळत. पलटणीचा हिशेबनीस ‘अक्तुआरियुस’ किती माणसं, किती जनावरं हे लिहून चिठ्ठी करी. ती कोठारावर दाखवल्यावरच माल सुटे, आणि कोठारावरचा माणूस मुलकी खात्याचा. चिठ्ठीशिवाय शिधा उचलू नये, यासाठी सम्राटांनी पुन्हा पुन्हा कायदे काढले.

याचा परिणाम काय, तर सेनापतीच्या फौजेचा आकडा त्याच्या नियंत्रणाबाहेरच्या वहीत नोंदला गेला. बंड करायचं, तर पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राही: पुढच्या महिन्यात खायचं काय? प्रीफेक्टच्या कचेरीला फोडायचं किंवा शहरं लुटायची. दोन्हींचा बोभाटा होतो. बंड अशक्य झालं नाही, पण महाग झालं आणि लवकर दिसू लागलं.

मला याहून जास्त आवडतो तो दुसरा खिळा: सेनानीच्या कचेरीतला मुख्य कारकून. ‘नोटिटिया डिग्निटाटम’ ही साम्राज्यातल्या पदांची यादी आज उपलब्ध आहे. तिच्यात पूर्वेकडच्या अनेक सीमारक्षक सेनानींचा मुख्य कारकून सम्राटाच्या निरोप्यांच्या खात्यातून आलेला दिसतो. हे खातं मुलकी मंत्र्याच्या हाताखाली होतं. म्हणजे सेनानीचा प्रत्येक कागद दरबाराच्या माणसाच्या नजरेखालून जाई. पश्चिमेत मात्र तोच कारकून सरसेनापतींच्या कचेरीतून येतो, एका वर्षी पायदळाच्या, दुसऱ्या वर्षी घोडदळाच्या. खालून वर जाणारी बातमी थेट सेनापतीच्याच मेजावर! शिवाय पूर्वेत बरोबरीचे पाच सरसेनापती होते, तर पश्चिमेत पायदळाचा सरसेनापती सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

फरक दिसायला वेळ लागला नाही. ३९२ मध्ये पश्चिमेच्या दरबारात सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनने सरसेनापती आर्बोगास्टच्या हाती बडतर्फीचं पत्र दिलं. हे पद तुम्ही दिलेलं नाही, काढूनही घेऊ शकत नाही, असं म्हणून त्याने ते फाडलं. मुलकी पदंही तोवर त्याच्याच माणसांनी भरली होती. थोड्याच दिवसांत सम्राट गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. ३९५ मध्ये पश्चिमेच्या गादीवर दहा वर्षांचा होनोरियस आला आणि कारभार स्टिलिकोकडे, म्हणजे सेनापतीकडे गेला. ४०८ मध्ये पूर्वेच्या गादीवर सात वर्षांचा दुसरा थिओडोसियस आला. कारभार अँथेमियस या प्रीफेक्टने चालवला. राजधानीची प्रसिद्ध तटबंदी त्याच्याच काळातली.

पश्चिमेची उरलीसुरली पकड करासोबत गेली. ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज घेतलं, उत्तर आफ्रिकेचा श्रीमंत महसूल बुडाला. कोठारच रिकामं असेल तर चिठ्ठीवर कोणाची सही आहे, याला किंमत राहत नाही. सेनापती स्वतःच्या पैशाने शिपाई पोसू लागले. त्यांना ‘बुसेल्लारी’ म्हणत. ४५४ मध्ये पश्चिमेचा सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने आपला सरसेनापती एशियस याला स्वतःच्या हाताने मारलं, आणि पुढच्याच वर्षी एशियसच्या जुन्या शिपायांनी सम्राटाला संपवलं. त्यानंतर रिसिमर हा सेनापती सम्राट नेमत आणि काढत राहिला.

अशा बंदोबस्ताची किंमतही मोठी होती. ३५५ मध्ये कोलोनला सिल्व्हेनस हा निष्ठावान सेनापती होता. त्याच्या पत्रातली सही तशीच ठेवून वरचा मजकूर पुसला गेला आणि राजद्रोहाचा मजकूर लिहिला गेला. दरबार आपल्याला मारणारच, या भीतीने त्याने खरोखरच स्वतःला सम्राट घोषित केलं आणि महिन्याच्या आत मारला गेला. ५३८ मध्ये पूर्वेचा सम्राट जस्टिनियनने इटलीत गॉथांशी लढणाऱ्या बेलिसारियस या सेनापतीच्या जोडीला दरबारातल्या नार्सेसला धाडलं. सरदार कोणाचा हुकूम मानायचा यावर भांडत बसले आणि ५३९ मध्ये मिलान गॉथांच्या हाती पडलं.

बेलिसारियस आंधळा होऊन भीक मागत मेला, ही चित्रकारांची लाडकी कथा मध्ययुगात रचलेली आहे. ५४२ च्या सुमारास त्याचे खासगी शिपाई काढून इतरांत वाटले गेले. पण ५५९ मध्ये शत्रू राजधानीजवळ आला, तेव्हा त्यालाच बोलावलं गेलं. ५६२ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्याला घरात नजरकैदेत ठेवलं, पुढच्या वर्षी मान परत दिला, आणि ५६५ मध्ये तो मेला. जस्टिनियनही त्याच वर्षी गेला.